जंतूंचा हेळवी

हेळवी आताच्या पोरांनी बघितलेला नसणार. बैलावर बसून, घंटा वाजवत तो गावात यायचा, दारात बैल उभा करायचा आणि त्या घराण्याच्या पिढ्या धडाधड म्हणून दाखवायचा. कुणाचा खापरपणजा कुठल्या गावाहून उठून आला, कोण कुणाला दत्तक गेला, सगळं. बायका सुपातनं धान्य घालायच्या. बाप्ये मान डोलवायचे, आणि नको ती गोष्ट निघाली की घसा खाकरायचे. हेळवी खोटं बोलत नाही, असं आमच्याकडं मानतात. म्हणून तर चिंचमाळच्या आरोग्य केंद्रात ते नवं यंत्र आलं तेव्हा म्हाताऱ्यांनी त्याचं नाव हेळवी ठेवून टाकलं. सरकारी नाव हातभर लांब होतं, ते कुणाच्या तोंडात बसलं नाही.

प्रणालीनं त्या यंत्रापुढं हट्टानं जाऊन विचारलं, आणि त्यानं खरं ते सांगितलं. पण आधीचं आधी सांगायला पाहिजे.

प्रणालीच्या लेकीचं, ईश्वरीचं उष्टावण सातव्या महिन्यात झालं, आसदवाडीला, सासरच्या घरी. पहिला घास मामानं भरवायचा. मामा म्हणजे प्रणालीचा थोरला भाऊ सुयश. चिंचमाळला त्याची ब्रॉयलर कोंबड्यांची दोन शेड होती, कंपनीच्या करारावरची. नेमकी त्याच सकाळी पक्षी उचलायला कंपनीची गाडी आली. पाट मांडला, रांगोळी झाली, खीर गार झाली, तरी मामाचा पत्ता नाही. शेवटी एकदाची दारात गाडी थांबली आणि सुयश घाम पुसत आत आला. हातात चांदीची वाटी आणि चमचा.

"आला बाई मामा! मुहूर्त टळल्यावर," प्रणाली म्हणाली. "हात धू आधी. कोंबड्यांचा वास मारायलाय."

"धुतलेत की! औषधाच्या टाकीत कोपरापर्यंत घातलेत. वाटीपण त्यातच विसळलीय. कंपनीचं औषध आहे ते, साधंसुधं न्हाई. एक जंतू राहिला असंल तर नाव बदल माझं."

ही टाकी म्हणजे शेडच्या माथ्यावरचं निळं पिंप. पक्ष्यांना रोग लागू नये म्हणून कंपनीचं औषध त्यात मिसळायचं, ते पाणी नळीतनं पक्ष्यांच्या चोचीशी जायचं. सुयशला त्या पाण्याचा फार भरवसा. बोट कापलं तरी त्यातच बुडवायचा. चिंचमाळचे सगळेच शेडवाले तसं करायचे; साबणाचा खर्च कशाला, म्हणायचे.

प्रणालीची सासू वैशालीबाई जरा बाजूला उभी होती. प्रणाली तिला आत्या म्हणायची. ती हळूच म्हणाली, "तरी एकदा साबणानं धू म्हणावं त्याला. न्हाणीत नवी वडी ठेवलीय."

"माझ्या भावाचे हात घाण वाटले होय तुम्हाला?" प्रणाली ताडकन म्हणाली. भरल्या घरात म्हणाली. माहेरच्या माणसाचा विषय निघाला की तिच्या जिभेला हाड राहायचं नाही. वैशालीबाईनं तोंड मिटलं, पदर खोचला आणि ती निरांजन आणायला गेली.

सुयशनं खिरीत बोट बुडवून भाचीच्या ओठांवर टेकवलं. ईश्वरीनं आधी तोंड वेडंवाकडं केलं, मग मामाचं बोट दोन्ही मुठींत धरलं आणि चोखतच राहिली, सोडायलाच तयार नाही. सगळे हसले. वाटीत उरलेली खीर वैशालीबाईनं खाऊन टाकली. नातीचं उष्टं टाकवेना तिला.

पहिला वाढदिवस होऊन गेल्यावर ईश्वरीला जुलाब लागले. पोरांना लागतातच. मग ताप चढला, मग पोर मलूल पडली. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत हातपाय गार. डॉक्टर तरुण होते. त्यांनी एक औषध लावलं, दुसरं लावलं, मग कुलपातलं ठेवणीतलं तिसरं काढलं. प्रणालीचा नवरा अभिजित काचेपलीकडं उभा राहून प्रत्येक बाटलीकडं देवाकडं बघावं तसं बघत होता.

"जंतू आतड्यातनं रक्तात गेलेत," डॉक्टर म्हणाले. "आणि आमच्याकडचं एकही औषध त्यांना लागू पडत नाही. अँटिबायोटिक्स किती दिली होती हिला आजवर?"

"एकदा सर्दीला," वैशालीबाई म्हणाली, "मीच दिली होती. मेडिकलमधनं. अर्धी गोळी."

प्रणालीच्या डोक्यात ती अर्धी गोळी रुतून बसली. ईश्वरी गेली तेव्हा ती रडली नाही, सासूकडं वळून म्हणाली, "तुम्ही खाल्लीत माझी पोर." अभिजित मध्ये पडला, तर त्यालाही सोडलं नाही. दिवस झाल्यावर ती माहेरी निघून आली. सुयशनं विचारलंसुद्धा नाही किती दिवस राहणार म्हणून. आपली खोली रिकामी करून दिली. तिच्या पुढ्यात बसून तोही वैशालीबाईला बोल लावायचा. "म्हातारी स्वतःला डॉक्टर समजते," म्हणायचा, आणि भाचीचा फोटो बघून ढसाढसा रडायचा. रोज बहिणीला बळंच दोन घास खायला लावायचा.

अशात ते यंत्र आलं. आरोग्य केंद्राच्या सिस्टर अल्फिया मुजावर यांनी पारावर बायकांना गोळा करून समजावलं. अल्फिया बोलायला खमकी.

"आपल्या प्रत्येकाच्या आतड्यात कोट्यवधी जंतू असतात, आणि ते आपले शत्रू नाहीत," ती म्हणाली. "पण एकेका जंतूकडं एक छोटा छल्ला असतो. त्यात अमक्या औषधाला कसं हरवायचं याची युक्ती असते. आणि हा छल्ला तो शेजारच्या जंतूला देऊ शकतो. तुम्ही विरजण देता तसा. देणाऱ्याचं काही कमी होत नाही, घेणाऱ्याचं मात्र सगळं भांडं लागतं. आता आपल्या गावांतल्या निम्म्या लहान पोरांच्या पोटात असे छल्लेवाले जंतू आहेत. ज्या पोरानं जन्मात औषध घेतलं नाही त्याच्याही. पोर खेळतं, जेवतं, काही कळत नाही. एखाद्या दिवशी ते जंतू रक्तात शिरले, की मग औषध चालत नाही."

"ते पोरांच्या पोटात येतात कुठनं?" कुणीतरी विचारलं.

"तेच तर हे सांगतंय. जंतू एकाचे दोन होताना आपल्या मूळ पोथीची नक्कल करतो, आणि नक्कल करताना अधूनमधून एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरते. या चुका जुळवत मागं गेलं, की कुणाच्या पोटातला जंतू कुणाकडनं आला आणि साधारण कधी आला, ते कळतं."

"म्हणजे हेळवीच म्हणा की!" एक म्हातारी म्हणाली. नाव पडलं ते तिथनं. मग नमुना कशाचा द्यायचा ते कळल्यावर जो हशा पिकला तो विचारू नका. हेळव्याला पूर्वी सुपानं जोंधळे घालायचो, आता याला डबीतनं हे घालायचं काय, म्हणून बायका पदरात तोंड खुपसून हसत होत्या. प्रणाली तेवढी हसली नाही. ती सरळ अल्फियापुढं जाऊन उभी राहिली.

"माझ्या पोरीच्या रक्तातले जंतू दवाखान्यात राखून ठेवलेत. ते मागवा. माझा नमुना घ्या, नवऱ्याचा घ्या, दादाचा घ्या. आणि माझ्या सासूचा घ्या. मला कागदोपत्री पाहिजे, कुणी मारलं ते."

"असं मारलं-बिरलं नसतं गं यात," अल्फिया म्हणाली. "आणि कळल्यावर परत न-कळलेलं करता येत नाही. बघ बाई."

"मला पाहिजे."

अल्फिया सगळ्या जागा फिरली. आसदवाडीची विहीर, गोठा, सुयशचं शेड, निळं पिंप, कुठलं कुठलं पाणी घेतलं. वैशालीबाईनं लगेच डबी दिली. "माझंच निघणार आहे," एवढंच म्हणाली म्हणे.

निकाल आला तेव्हा अल्फियानं प्रणालीला केंद्रात बोलावून घेतलं, दार लोटलं आणि पडद्यावर एक झाड दाखवलं. फांद्यांना नावं होती.

"ही खालची मोठी फांदी शेडमधल्या पक्ष्यांची. तिथनं ही टाकीची. त्यातनं फुटलीय ती सुयशच्या पोटातली. आणि इथनं, उष्टावणाच्या आगेमागे, ही फुटलीय." तिनं बोट ठेवलं तिथं ईश्वरीचं नाव होतं.

प्रणालीला आधी काही कळेचना. "पण टाकीत तर औषध असतं. औषधात जंतू कसे जगतील?"

"जे मरणारे होते ते मेले, प्रणाली. औषधाच्या पाण्यात रोज घाण हात बुडत गेले, टाकीच्या आतनं बुळबुळीत थर धरला, आणि त्यात औषधाला पुरून उरले तेवढेच वाढत राहिले. साध्या पाण्यात सतरा प्रकारचे जंतू असतात, त्यात निवड नसते. तिथं निवडलेले होते." अल्फिया थांबली. "साबण आणि साधं पाणी एवढंच पुरलं असतं."

न्हाणीतली नवी वडी प्रणालीच्या डोळ्यांपुढं आली. आत्याचा मिटलेला चेहरा आला. स्वतःचा तो ताडकन चढलेला आवाज तिच्या कानात घुमला.

"आणखी दोन बारक्या फांद्या आहेत," अल्फिया हळू बोलली. "एक तुझी, एक तुझ्या सासूची. पण तुम्ही दोघींनी ईश्वरीला दिलेलं नाही काही. तिच्याकडनं तुमच्याकडं आलंय. तू तिचं सगळं करायचीस, आणि त्या तिचं उष्टं खायच्या. दोघींच्या पोटात अजून आहेत ते."

अल्फियानं पुढचं कामाचं सांगितलं. प्रत्येक जातीचा जंतू खाणारे विषाणू असतात, आणि वंश नेमका कळल्यामुळं याच जंतूला खाणारे विषाणू पुण्याच्या प्रयोगशाळेत वाढवता येणार होते. तिघांसाठी औषध येईल, ते पाण्यासारखं प्यायचं, पोट साफ होईल. "आणि भावाला तू सांग. काजलचं बाळंतपण जवळ आलंय. त्याआधी तू नाही सांगितलंस, तर मला सांगावं लागेल."

काजल ही सुयशची बायको. तिला आठवा सरून नववा लागला होता.

प्रणाली घरी आली तेव्हा सुयश अंगणात वाटच बघत होता. "काय म्हणला हेळवी? निघालं ना म्हातारीचं नाव?"

तिनं भावाकडं बघितलं. आई-वडील गेल्यावर यानंच तिचं लग्न करून दिलं, ईश्वरी गेल्यावर यानंच तिला जगवलं. याला सांगायचं, की तुझ्या बोटानं? तिची जीभ रेटेना.

"न्हाई," ती म्हणाली. "आत्याचं न्हाई."

"मग कुणाचं?"

"माझं. माझ्याच हातचं गेलं तिला."

सुयशनं तिला जवळ घेतलं आणि तिच्या डोक्यावरनं हात फिरवत राहिला. "आईच्या हातनं असं होतंय होय कधी? मशीनला काय कळतंय. तू मनाला लावून घेऊ नको, मी आहे." तो जितकं समजावत होता तितकी ती जास्त रडत होती. बिचाऱ्याला वाटलं, समजावणं कमी पडतंय.

काजल आधीच बाळंत झाली. मुलगा झाला. अल्फिया तेव्हा कुठंतरी प्रशिक्षणाला गेली होती. बाळ घरी आलं, सोप्यात पाळणा बांधला, आणि त्या गडबडीत आज सांगू, उद्या सांगू, असं प्रणालीचं चाललं होतं. खरं तर तिला सांगायचंच नव्हतं. औषध आलं की काहीतरी थाप मारून पाजू, असा बेत तिनं मनात पक्का केला होता.

एक दिवस ती अंगणात लंगोट वाळत घालत होती. पलीकडं शेडमधनं सुयश बाहेर आला. शिडीवर चढून त्यानं पिंपाचं झाकण सरकवलं, बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. नीट, घासून घासून धुतले. मग हात झटकत, शीळ घालत तो सोप्याकडं आला आणि पाळण्यावर वाकला.

"आलो आलो, माझ्या राजा. बघ, हात धुऊन आलोय."

"दादा, हात लावू नको त्याला!"

प्रणालीची किंकाळी ऐकून काजल आतनं धावत आली. सुयश दचकून सरळ झाला. "काय झालं? विंचू हाय?"

मग तिनं सांगितलं. पिंप, बोट, खीर, झाड, फांद्या, सगळं एका दमात सांगितलं. मधे थांबली असती तर परत तोंड उघडलं नसतं. "माझं नाव निघालं म्हणाले, ते खोटं होतं," ती म्हणाली. "आणि आत्या साबणानं धू म्हणाल्या होत्या, मीच त्यांना गप्प केलं. तुझ्या एकट्याचं न्हाई, दादा. आपल्या दोघांचं आहे."

सुयशचे हात पाळण्यावर तसेच अधांतरी राहिले. त्याला ते कुठं ठेवावेत कळेना. खाली सोडावेत तर अंगाला लागतील, पुढं करावेत तर पाळणा. "मी चांगले धुतले होते गं," तो म्हणाला. "पोरीला घास द्यायचा म्हणून रोजच्यापेक्षा चांगले धुतले होते."

प्रणालीनं घागर आणि साबण आणला. भावाला न्हाणीच्या दगडावर बसवून तिनं त्याच्या हातावर पाणी घातलं, साबण लावला, परत पाणी घातलं. तो लहान पोरासारखा हात पुढं करून बसला होता आणि त्याच्या नाकाडोळ्यांतनं पाणी गळत होतं. नंतर त्यानं शिडी लावून ते पिंप खाली ढकललं. पण औषध येईपर्यंत, आणि आल्यावरसुद्धा कितीतरी दिवस, तो पाळण्याशी यायचा तो हात पाठीमागं बांधूनच. काजल म्हणायची, घ्या आता, सिस्टर घ्या म्हणाल्यात. तो मान हलवायचा.

प्रणाली दोन बाटल्या घेऊन आसदवाडीला गेली. अभिजित फवारणीचा ड्रोन घेऊन शिवारात गेला होता. वैशालीबाई चुलीपुढं होती. सून दारात दिसली तशी ती उठली, तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाली, "बस. भाकरी टाकते."

"आत्या, तुमचं नाव न्हाई निघालं."

वैशालीबाईचा हात पिठातच थांबला. "न्हाई?" ती म्हणाली. "मी तर रोज त्या अर्ध्या गोळीपाशी येऊन थांबायची, बाई."

प्रणालीनं सगळं सांगितलं. शेवटी तिनं सासूचे पिठाळ हात धरले. "तुम्ही साबण म्हणाला होता. मी तुमचं ऐकून घेतलं असतं तर..."

वैशालीबाई सुनेच्या तोंडाकडं बघत राहिली. "मी?" ती म्हणाली. "मी कुठं काय म्हणाले होते? मला न्हाई आठवत तसलं काही. तुझ्या डोक्यात काहीतरी भलतंच बसलंय."

तिला लख्ख आठवत होतं. प्रणालीलाही ते कळलं. ती सासूच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, ईश्वरी गेल्या दिवशी रडायची राहिली होती तेवढी सगळी रडली.

भाकऱ्या खाल्ल्यावर तिनं बाटल्या काढल्या आणि औषध कशाचं ते समजावलं. वैशालीबाईनं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे आपल्या पोटात जे आहे, ते तिच्याकडनं आलेलं?"

"हो."

"तिच्या अंगातलं? जिवंत?"

"हो, आत्या."

वैशालीबाईनं पोटावर हात ठेवला. सातवा महिना लागल्यावर बाई ठेवते तसा. "मग राहू दे की," ती म्हणाली. "मला काय करतंय ते? कपडे देऊन टाकलेत, खुळखुळा तू पुरलास. एवढंच राहिलंय तिचं. राहू दे."

प्रणालीलाही हेच वाटत होतं. बाटल्या घेऊन येताना सगळ्या वाटेनं तिला हेच वाटत आलं होतं, आणि एकदा ओढ्याच्या पुलावर ती बाटल्या फेकून द्यायला थांबलीही होती. पण सोप्यातला पाळणा तिच्या डोळ्यांपुढनं हलत नव्हता.

"दादाचं बाळ आहे, आत्या," ती म्हणाली. "मी त्याला घेते. उद्या गल्लीतलं कुणाचं पोर तुमच्या मांडीवर येईल, तुम्ही त्याला घास दिल्याशिवाय राहणार नाही. ठेवून चालणार न्हाई."

 वैशालीबाई उठली, न्हाणीत गेली, साबणानं हात धुऊन आली. फळीवरची चांदीची वाटी तिनं काढली, उकळत्या पाण्यानं धुतली आणि पदरानं पुसली. बाटलीतलं औषध तिनं वाटीत ओतलं.

"थांब जरा," ती म्हणाली, आणि वाटी हातात धरून डोळे मिटून बसली. प्रणाली थांबली.

"जा, ईशू," वैशालीबाई म्हणाली, आणि तिनं वाटी तोंडाला लावली. मग दुसऱ्या बाटलीतलं औषध वाटीत ओतून तिनं वाटी सुनेपुढं केली.

प्रणालीनं ती दोन्ही हातांनी धरली. औषधाला काही चवच नव्हती. शेवटचा घोट मात्र तिनं बराच वेळ तोंडात धरून ठेवला, आणि सासूनं पाठीवर हात ठेवल्यावर गिळला.